शिल्प म्हणून धातूचं हस्तघडित फर्निचर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाताने घडवलेल्या धातूच्या फर्निचरबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे नक्की काय असतं? फर्निचर की शिल्प?

दोन्ही. आणि माझी कसोटी अशी की यातली एक बाजू काढून घेतली तर दुसरी उभी राहता कामा नये. खुर्चीच्या पाठीवरची नक्षी काढून टाकली आणि खुर्ची आहे तशीच राहिली, तर ती सजवलेली खुर्ची. फ्रान्सचे शिल्पकार फ्रान्स्वा-झाव्हिए लालान यांनी १९६४ मध्ये पितळेचा गेंडा केला. त्याची कूस उघडली की आत लिहिण्याचं मेज निघतं. मेज काढून घ्या, गेंड्याचं पोट रिकामं. गेंडा काढून घ्या, मेजाला उभं राहायला जागाच नाही.

ही कसोटी सगळ्यांना मान्य नाही. अमेरिकन कलाकार डोनाल्ड जड यांनी धातूच्या कलाकृतीही केल्या आणि पत्र्याच्या खुर्च्या-टेबलंही केली. पण कला आणि फर्निचर ही दोन वेगळी कामं आहेत, खुर्चीने आधी चांगली खुर्ची असावं, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांचं काम पाहिल्यावर त्या मताचा आदर वाटतो, पण पटत नाही. बसणाऱ्या शरीराचा विचार करून आलेला आकार हा शिल्पाचाच आकार आहे, असं मी मानते.

२. वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये मिळणाऱ्या टेबलात आणि यात फरक कसा ओळखायचा?

टेबल उलटं करून बघा. उलटं करता येत नसेल तर खाली बसून बघा, हात फिरवा.

साध्या फॅब्रिकेशनमध्ये सळई किंवा पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच जाडीची असते, कारण ती आली तशीच कापून जोडलेली असते. घडीव कामात तीच सळई जिथे भार येतो तिथे जाड राहते आणि जिथे भार संपतो तिथे निमुळती होत जाते. डोळ्यांना हा फरक लगेच कळतो, आणि नाही कळला तरी बोटांना कळतो.

मग सांधे. वेल्डचा टाका दिसतो की घासून सपाट केला आहे, याला मी फार महत्त्व देत नाही. टाका कुठे यावा याचा विचार झाला आहे का, ते पाहते. दोन भाग एकमेकांत शिरतात, एकमेकांना विळखा घालतात, रिव्हेटने आवळले जातात, की नुसते एकमेकांना टेकवून चिकटवले आहेत? शेवटी कडा पाहा. खालच्या, न दिसणाऱ्या कडेची बर (कापताना उरलेला खरखरीत काठ) काढलेली असेल, धार बोथट केलेली असेल, तर घडवणाऱ्याने वरच्या बाजूलाही घाई केलेली नसते.

हेही सांगायला हवं की साधं फॅब्रिकेशन कमी प्रतीचं नसतं. सरळ, काटकोनात, वेडंवाकडं न होता वेल्ड करणं हे मोठं कौशल्य आहे. फक्त तिथला प्रश्न वेगळा असतो.

३. घडीव, ओतीव, पत्र्याचं, सळयांचं... हे सगळं वेगवेगळं असतं का?

हो, आणि प्रत्येक पद्धतीचा आकारावर स्वतःचा हक्क असतो.

घडीव म्हणजे तापवून ऐरणीवर ठोकलेलं. पोलाद नारिंगी-पिवळं होईपर्यंत, साधारण १,००० ते १,२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की ते हातोडीचं ऐकतं. रंग उतरू लागला की थांबायचं आणि पुन्हा भट्टीत घालायचं. २०० ते ३०० अंशांच्या निळ्या तापात ठोकलं तर पोलाद ठिसूळपणे वागतं, चिरू शकतं. म्हणून तुम्हाला जी एकसंध, वाहती रेषा दिसते ती खरं तर एकेका तापात, वीतभर वीतभर पुढे सरकलेली असते. दोन तापांमधला जोड कळू न देणं हीच त्यातली कमाई.

ओतीव कामात आकार आधी मेणात होतो. मेणावर साचा चढवायचा, मेण वितळवून काढायचं, पोकळीत धातू ओतायचा. मेणावर उमटलेला अंगठ्याचा दाब ब्राँझमध्ये जसाच्या तसा उतरतो. दिएगो जाकोमेत्ती (१९०२–१९८५) यांच्या ब्राँझच्या टेबल-खुर्च्यांवर हे स्पष्ट दिसतं: सडपातळ पाय, आडव्या दांडीवर बसलेला एखादा पक्षी, आणि सगळीकडे बोटांनी दाबून केलेला ओबडधोबडपणा. पॅरिसच्या पिकासो संग्रहालयासाठी त्यांनी केलेलं फर्निचर आणि दिवे हे त्यांचं अखेरचं मोठं काम. ओतकामाचा एक व्यावहारिक भाग बाहेरच्यांना माहीत नसतो: ब्राँझ थंड होताना दीड ते दोन टक्के आक्रसतं. ४५० मिलिमीटर उंचीचं आसन हवं असेल तर मेणातलं आसन ७ ते ९ मिलिमीटर जास्त उंच करावं लागतं.

पत्र्याचं काम वाकवून, ठोकून उठाव आणून होतं. पोलंडचे ऑस्कर झिएता दोन पातळ पोलादी पत्रे कडेने वेल्ड करतात आणि आत दाब देऊन ते फुगवतात. पत्रा कुठे सुरकुतेल हे पूर्णपणे हातात नसतं, त्यामुळे प्रत्येक नग थोडा वेगळा होतो.

सळयांच्या कामात हॅरी बर्टोया यांचं नाव आधी घ्यायला हवं. मुळात धातुकाम शिकवणारा हा माणूस. १९५२ मध्ये पोलादी सळयांच्या जाळीतून त्यांच्या खुर्च्या आल्या आणि पुढे त्यांनी उभ्या सळयांची, वाऱ्याने किंवा हाताने हलवली की नाद करणारी शिल्पं केली. खुर्ची आणि शिल्प एकाच हाताची आहेत हे वेगळं सांगावं लागत नाही.

याशिवाय विजेच्या साहाय्याने तांबं चढवण्याची पद्धत आहे. फ्रान्स्वा-झाव्हिए (प्रश्न १) यांच्या पत्नी क्लोद लालान खऱ्या पानांवर असा थर चढवून तीच पानं आपल्या फर्निचरमध्ये वापरत.

४. कोणता धातू चांगला?

धातू आधी ठरवू नका. वजन, स्पर्श आणि जागा ठरवा, धातू आपोआप ठरतो.

साधं पोलाद घडाईला सर्वांत मोकळं, पण गंजतं. स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमिअम असतं, त्यामुळे त्यावर स्वतःचा संरक्षक थर तयार होतो. ते घडवायला हट्टी आणि त्यावरचा प्रत्येक ओरखडा दिसणारं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबं आणि कथील. ओतकामासाठी ब्राँझला तोड नाही. ॲल्युमिनिअम हलकं आणि फसवं: ते ६६० अंशांना वितळतं, आणि लाल होऊन सूचना देत नाही. तापवता तापवता डोळ्यांदेखत खाली बसतं. ॲल्युमिनिअमचं सुंदर हातकाम दिसलं तर थांबून पाहावं, त्यामागे फार संयम असतो.

५. कलाकृती आहे, तर त्यावर बसायचं की नुसतं पाहायचं?

बसायचं. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि विचारताना लोकांचा आवाज उगाच खाली येतो.

संग्रहालयात बसू देत नाहीत याचं कारण वेगळं आहे. तिथे दिवसाला शेकडो हात लागतील, घाम लागेल, पिशव्यांची बकलं घासतील. घरात एकदोन माणसांच्या नेहमीच्या वापराने जे होतं ते नुकसान नसतं. हात टेकतो ती जागा उजळते, वळचणीचा भाग गडद होत जातो, आणि ब्राँझच्या खुर्चीवर काही वर्षांत माणसाच्या बसण्याचा नकाशा उमटतो. अनेक घडवणारे हा बदल धरूनच रंग ठरवतात.

शिवाय काही कामं बसल्याशिवाय कळतच नाहीत. रॉन अराद यांची १९८६ ची ‘वेल टेम्पर्ड चेअर’ पाहा. पाणी दिलेल्या लवचिक स्टेनलेस पोलादाचे चार पत्रे वाकवून हाताने फिरवायच्या विंग नटांनी आवळले आहेत, बस. गादी नाही, सांगाडा नाही. चित्रात ती कठोर, अगदी कापेल अशी वाटते. पण वाकवलेल्या पत्र्यातला ताणच तिची स्प्रिंग आहे, आणि वजन पडलं की ती दबते, सावरते. तिचा अर्धा आकार बसणाऱ्याच्या वजनाने पुरा होतो. अशा खुर्चीभोवती दोरी बांधली की आपल्यासमोर तिचं फक्त बाह्यरूप उरतं.

अपवाद दोन. नाजूक पृष्ठभाग, म्हणजे मेण न लावलेला कच्चा रंग किंवा पातळ सोनेरी वर्ख असेल, तर वापराआधी घडवणाऱ्याला विचारा. आणि जुना, दुर्मीळ नग असेल तर आधी सांधे तपासून घ्या.

६. धातू थंडगार लागत नाही का? आणि टोचत नाही का?

थंड लागतो, कारण तो अंगातली उष्णता पटकन ओढून घेतो. खोलीतल्या लाकडाचं आणि पोलादाचं तापमान सारखंच असतं; फरक वहनाचा. तांबं आणि ॲल्युमिनिअम यात सर्वांत पुढे, साधं पोलाद बरंच मागे, आणि स्टेनलेस त्याहूनही मागे. जाडीही मोजा: पातळ पत्रा अंगाच्या उबेने लवकर तापतो, ओतीव ब्राँझचा ठोकळा बराच वेळ थंड राहतो. जाळीदार आसनात स्पर्शाचं क्षेत्र कमी, म्हणून थंडपणाही कमी. जपानचे शिरो कुरामाता यांची १९८६ ची खुर्ची तर पूर्णपणे पोलादी जाळीची आहे.

टोचत असेल तर तो दोष समजा. शिल्प आहे म्हणून टोचणं माफ होत नाही.

७. वजन किती असतं? घरातली जमीन पेलेल का?

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याचं वजन ७.८५ किलो. म्हणजे १,२०० × ६०० मिलिमीटरचं, ६ मिलिमीटर जाड टेबलाचं पृष्ठ सुमारे ३४ किलो, नुसतं पृष्ठ. तेच ॲल्युमिनिअमचं असेल तर १२ किलोच्या आत. ब्राँझ आणि पितळ पोलादाहून थोडं जड.

राहत्या खोल्यांची जमीन अनेक देशांत साधारण दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो भार धरून बांधतात, त्यामुळे एखादं टेबल सहसा चिंतेचं नसतं. खरी काळजी टोकदार पायांची. १०० किलोचं टेबल १० मिलिमीटर व्यासाच्या चार पायांवर उभं केलं तर प्रत्येक पायाखाली दर चौरस सेंटिमीटरला ३२ किलो दाब येतो. फरशी तडकू शकते, लाकडी जमिनीत खळगा पडतो. पायाखाली ५० मिलिमीटरची कडक चकती दिली की तोच दाब सव्वा किलोच्या आसपास येतो. चकती मऊ असेल तर ती मधोमधच दबते आणि उपयोग होत नाही. धातूची चकती आणि तिच्याखाली नमदा, हे बरं.

८. उलटणार नाही याची खात्री कशी करायची?

गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेषा पायांनी आखलेल्या क्षेत्राच्या आत पडली पाहिजे, आणि कुणी कडेला टेकल्यावरही पडली पाहिजे. तीन पायांचं टेबल कधीच डुगडुगत नाही, पण दोन पायांच्या मधल्या कडेवर दाब दिला तर चार पायांच्यापेक्षा लवकर कलतं. एका बाजूला झुकलेले, अधांतरी वाटणारे आकार बहुतेक वेळा तळातल्या लपवलेल्या वजनावर उभे असतात. ते वजन कुठे आहे हे विचारून ठेवा. उंच कपाट किंवा मांडणी असेल आणि घरात लहान मूल असेल, तर भिंतीला बांधाच; यात तडजोड नको.

९. धातूवर निळा, जांभळा, हिरवा रंग कसा येतो? तो रंगवलेला असतो का?

बहुधा नसतो. पोलाद हळूहळू तापवलं की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो, आणि त्या थराच्या जाडीप्रमाणे प्रकाश वेगवेगळा दिसतो: २२० अंशांच्या आसपास गवती पिवळा, २८० ला जांभळा, ३०० च्या जवळ निळा. हा रंग हात लागून, ओल लागून उतरतो, म्हणून त्यावर मेण किंवा लॅकर (पारदर्शक लेप) हवंच.

तांबं, पितळ, ब्राँझ यांवरचे तपकिरी, काळे, हिरवे रंग रसायनांनी आणतात, बहुतेकदा धातू गरम असताना ब्रशने किंवा फवाऱ्याने. सल्फाइडने काळपट तपकिरी, फेरिक नायट्रेटने तांबूस-सोनेरी, कॉपर नायट्रेटने हिरवा. एकाच कृतीने दोनदा अगदी सारखा रंग येईल याची खात्री कुणी देत नाही. दिली तर नमुना मागा.

१०. रोजची निगा काय?

कोरडं, मऊ फडकं. वर्षातून एकदोनदा मेणाचा पातळ हात, सुकल्यावर हलकं घासून. एवढंच.

रंग चढवलेल्या पितळेला किंवा ब्राँझला बाजारातलं पॉलिश, लिंबू, व्हिनेगर, राख यांतलं काहीही लावू नका. हा नियम मोडून चकचकीत केलेले नग मी पाहिले आहेत. घडवणाऱ्याचे कित्येक दिवस दहा मिनिटांत पुसले जातात. लॅकर दिलेला पृष्ठभाग असेल तर मेण ऐच्छिक, पण लॅकरला ओरखडा पडून खाली डाग सरकू लागला तर वरवर घासून जमत नाही, सगळं लॅकर काढून नव्याने द्यावं लागतं.

लोखंडाला हात लावल्यावर येणाऱ्या वासाबद्दल बरेच जण विचारतात. तो वास धातूचा नसतो; त्वचेवरच्या तेलकट अंशाची लोहाशी क्रिया होऊन तो येतो. मेण लावलं की थांबतो.

११. घराबाहेर ठेवता येईल का?

ब्राँझ, हो. स्टेनलेस, समुद्राजवळ असाल तर ३१६ दर्जाचं. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या हवेत नेहमीच्या ३०४ दर्जापेक्षा जास्त टिकतं. साधं पोलाद जस्त चढवून आणि रंग देऊनच.

कॉर-टेन प्रकारच्या पोलादाबद्दल गैरसमज फार. त्यावर गंजाचा घट्ट थर बसतो आणि पुढचा गंज मंदावतो, हे खरं. पण त्यासाठी ते आळीपाळीने ओलं आणि कोरडं व्हावं लागतं. पाणी साचलं किंवा खारी हवा लागली तर ते साध्या पोलादासारखं खात जातं. शिवाय पहिली काही वर्षं त्यावरून ओघळणारं पाणी फरशीवर तांबडे डाग पाडतं, आणि कपड्यांवरही. बसण्याच्या वस्तूसाठी मी ते सुचवत नाही.

बाहेर ठेवायच्या वस्तूत पितळ आणि पोलाद थेट एकमेकांना लागून असतील तर ओलाव्यात पोलाद लवकर खाल्लं जातं. मध्ये नायलॉनची चकती आहे का, ते पाहा.

१२. प्लाझ्मा कटर किंवा संगणक वापरला असेल तर त्याला हातचं म्हणायचं का?

माझं उत्तर: निर्णय कुणी आणि कुठे घेतले ते पाहा. हातोडीच्या खुणा यंत्रानेही पाडता येतात, त्यामुळे नुसत्या खुणांवर जाऊ नका. नेदरलँड्सचे योरिस लारमान यांची २००६ ची ‘बोन चेअर’ संगणकाच्या गणिताने आकाराला आली: हाडं जशी भार येईल तिथे भरतात आणि नसेल तिथे झिजतात, तसं. पण ती ॲल्युमिनिअममध्ये ओतणं आणि तो पृष्ठभाग तयार करणं हे कसबी हाताशिवाय होत नाही. उलट मार्क न्यूसन यांच्या ‘लॉकहीड लाउंज’मध्ये ॲल्युमिनिअमचे पत्रे फायबरग्लासच्या अंगावर एकेक करून बसवून रिव्हेट केले आहेत, विमानासारखी दिसणारी ती वस्तू पूर्ण हातकाम आहे.

विक्रेता ‘पूर्णपणे हाताने’ म्हणत असेल आणि कटिंग यंत्रावर झालं असेल, तर ते मात्र खोटं आहे. यंत्र वापरल्याची लाज नको, लपवणं नको.

१३. ‘३/८’ किंवा ‘ए.पी.’ असं कोरलेलं असतं, त्याचा अर्थ काय?

आठ नगांच्या आवृत्तीतला तिसरा. ए.पी. म्हणजे कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. फ्रान्समध्ये ब्राँझ मूळ कलाकृती मानली जाण्यासाठी एकूण १२ प्रतींची मर्यादा आहे, ८ क्रमांकित आणि ४ कलाकाराच्या. ही पद्धत इतरत्रही रूढ झाली. ३/८ हा ७/८ पेक्षा श्रेष्ठ नसतो. साचा तोडला की ठेवला, आणि दुसऱ्या मापात किंवा दुसऱ्या धातूत वेगळी आवृत्ती निघणार आहे का, हे लेखी घ्या.

१४. ब्राँझ म्हणून राळेची (रेझिनची) किंवा मुलामा दिलेली वस्तू तर गळ्यात पडणार नाही ना?

चुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड किंवा पोलाद आहे. न चिकटला म्हणून ब्राँझ सिद्ध होत नाही. ॲल्युमिनिअम, पितळ आणि राळ यांनाही तो चिकटत नाही. मग वजन पाहा (प्रश्न ७) आणि बोटाच्या पेराने हलकेच वाजवा: धातू घुमतो, राळ बद्द आवाज करते. खालच्या बाजूला, जिथे जमिनीशी घासून थर गेलेला असतो, तिथला उघडा रंग सगळं सांगून जातो.

१५. कायद्याने ही कला धरतात की फर्निचर?

देश आणि प्रसंग यांवर ठरतं. १९२६ मध्ये ब्रांकुशी यांचं ‘बर्ड इन स्पेस’ हे ब्राँझशिल्प न्यूयॉर्कला पोचलं, तेव्हा सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ते कला न मानता धातूची वस्तू म्हणून ४० टक्के कर लावला. १९२८ मध्ये न्यायालयाने ते शिल्पच आहे असा निकाल दिला. निदान तो पक्षी काही उपयोगाचा नव्हता. तुमच्या खुर्चीवर बसता येतं, म्हणून तिचा प्रश्न अधिक कठीण. आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क वर्गीकरणात मूळ शिल्पं ९७ व्या प्रकरणात आणि फर्निचर ९४ व्या प्रकरणात येतं. परदेशी पाठवताना आवृत्तीची कागदपत्रं (प्रश्न १३) सोबत ठेवा आणि वर्गीकरण आधीच ठरवून घ्या.

कॉपीराइटबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ‘मेझर विरुद्ध स्टाइन’ खटल्यात मान्य केलं की दिव्याचा पाया म्हणून वापरलेली मूर्ती वापराची आहे म्हणून तिचं संरक्षण जात नाही. पण संरक्षण कलात्मक अंगाला मिळतं, उपयोगाच्या भागाला नाही. प्रश्न १ मधली माझी कसोटी इथे उलटी पडते: आकार आणि उपयोग जितके एकजीव, तितकं कायद्याला त्यांना वेगळं काढणं अवघड.

१६. सांगून करून घ्यायचं असेल तर काय तयारी लागते?

मापं, जागेचे फोटो, वस्तू आत नेण्याच्या वाटेची रुंदी (जिना आणि दारासकट), आणि रोज कोण वापरणार आहे ते. खुर्ची असेल तर घडवणाऱ्याकडून पुठ्ठ्याचा किंवा तारेचा पूर्ण मापाचा नमुना मागा आणि त्याच्या आसनाच्या उंचीवर प्रत्यक्ष बसून पाहा. चित्र पाठवून ‘अगदी असंच’ मागू नका. त्याच्या आधीच्या कामातलं काय आवडलं ते सांगा. त्याला काम करायला जागा राहते.

१७. विकत घेतलेली खुर्ची उंच पडते. पाय कापून घेतले तर चालेल का?

आधी थांबा. पाय कापले की गुरुत्वमध्य आणि पायांचा तिरकेपणा यांचा हिशेब बदलतो (प्रश्न ८), आणि कापलेल्या टोकाचा रंग पुन्हा जुळत नाही (प्रश्न ९). कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या ‘६ बिस’ या कलमानुसार, प्रतिष्ठेला बाधा येईल अशा फेरफाराला हरकत घेण्याचा हक्क विक्रीनंतरही कलाकाराकडे राहतो. मात्र वापराच्या वस्तूंना तो किती लागू, हे देशागणिक बदलतं.

घडवणारी व्यक्ती हयात असेल तर तिलाच विचारा. बहुतेक जण स्वतः बदल करून देतात किंवा पाय ठेवायला जुळणारं छोटं स्टूल बनवून देतात. हयात नसेल तर कापण्याऐवजी पायाशी चौरंग ठेवून काम भागतं का ते पाहा. कापणं खरोखरच टळत नसेल, तर आधी सगळ्या बाजूंनी मापांसकट फोटो काढा आणि कापलेले तुकडे, कुठल्या पायाचा कुठला ते लिहून, जपून ठेवा. पुढे कुणाला ती पूर्ववत करायची झाली तर मूळ धातू हाताशी असेल.